ओखीच्या पावसातला ६ डिसेंबर : दादरमधल्या एका आठवड्याचा अभ्यास

मुंबईत डिसेंबरात पाऊस धरून कुणी मंडप बांधत नाही. २०१७ साली शिवाजी पार्कवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनासाठी उभारलेले मंडपही त्याच हिशेबाचे होते. दिवसाचं ऊन अडावं, रात्रीचं दव अंगावर पडू नये, एवढंच त्यांचं काम. पण नोव्हेंबरच्या अखेरीस श्रीलंकेजवळ जन्मलेलं ओखी चक्रीवादळ केरळ, तमिळनाडू आणि लक्षद्वीपला झोडपून अरबी समुद्रातून गुजरातच्या रोखाने वर सरकलं आणि सोमवारी, ४ डिसेंबरला मुंबईत पाऊस आला. मंगळवारीही त्याने पाठ सोडली नाही. बुधवारी ६ डिसेंबर होता. विदर्भ-मराठवाड्यातून निघालेली माणसं तोवर दादरला पोचली होती, आणखी कितीतरी गाडीत बसलेली होती.

शिवाजी पार्कवरच्या लाल मातीचा रहिवाशांना एरवी धुळीसाठी जाच होतो. त्या दोन दिवसांत तिचा चिखल झाला. उघड्या मैदानात मुक्कामाला आलेला हजारोंचा समुदाय, पायाखाली चिखल, वर गळणारं कापड आणि हातात जेमतेम एक दिवस. अशा वेळी शहराने काय करायचं असतं? हा आठवडा अभ्यासासाठी निवडला तो या प्रश्नासाठी. नेहमीच्या वर्षी व्यवस्था ठरलेल्या रुळावरून चालते आणि तिच्यात काय दडलंय ते दिसत नाही. पावसाने ते उघडं पाडलं.

तारीख आणि जागा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं निधन ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत, २६ अलीपूर रोडवरच्या निवासस्थानी झालं. पार्थिव विमानाने मुंबईला आणून दादरच्या हिंदू कॉलनीतल्या राजगृहात ठेवलं गेलं आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. नागपूरचा धम्मदीक्षेचा सोहळा १४ ऑक्टोबरचा, म्हणजे त्याला अजून दोन महिनेही झाले नव्हते. अंत्यसंस्काराच्या जागीच भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या प्रचंड समुदायाला दीक्षा दिली. त्या जागेवरच्या स्तूपाचं, म्हणजे आजच्या चैत्यभूमीचं, उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी बाबासाहेबांच्या स्नुषा मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झालं.

जागेचा नकाशा डोळ्यांपुढे हवा, कारण निम्मी अडचण तिथेच आहे. एका बाजूला समुद्र आणि लाटांनी खाऊन अरुंद झालेली चौपाटी, शेजारी भागोजी कीर स्मशानभूमी, समोर दाटीची वस्ती. स्तूप आकाराने लहान, एका वेळी मोजकीच माणसं आत जाणार. सगळा भार मग पडतो तो मागच्या स्वातंत्र्यवीर सावरकर मार्गावर आणि त्यापलीकडच्या अठ्ठावीस एकरांच्या शिवाजी पार्कवर. दादर पश्चिमेला उतरलेला माणूस रानडे रोडने चालत मैदानात येतो, तिथे टेकतो, मग रांगेला लागतो. रांग तासन् तासांची असते. सावरकर मार्ग सिद्धिविनायकापासून हिंदुजा रुग्णालयापर्यंत वाहनांना बंद केला जातो, कारण त्या रस्त्याची रांगच झालेली असते.

मैदानाचीही आपली कायदेशीर गुंतागुंत आहे. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने ते शांतता क्षेत्र ठरवलं. खेळाव्यतिरिक्त वापरासाठी वर्षाला ४५ दिवसांची मर्यादा आहे आणि त्या यादीत ६ डिसेंबर धरलेला आहे. या तारखेला आणखी एक छाया १९९२ पासून चिकटली. बाबरी मशीद पडली तीही ६ डिसेंबरलाच. त्यामुळे मुंबई पोलिसांच्या बंदोबस्ताला त्या दिवशी दोन तोंडं असतात: एक दादरकडे, दुसरं उरलेल्या शहराकडे.

ही माणसं दोन-तीन दिवस का थांबतात

प्रशासनाच्या कागदात ‘गर्दी’ हा एकच शब्द सगळ्यांना पुरतो. त्यात फार मोठा फरक बुडून जातो. ठाणे, कल्याण, पनवेल, विरार इथून येणारा माणूस लोकलने येतो, रांगेत उभा राहतो, अभिवादन करून रात्री घरी जातो. त्याला रस्ता, रांग आणि परतीची लोकल मिळाली की काम भागलं. नागपूर, अमरावती, नांदेड, परभणी, जालना इकडून येणाऱ्याचं तसं नाही. तो अनारक्षित डब्यातून, बऱ्याचदा उभ्याने येतो. कुटुंब बरोबर असतं, गावातली दहा-वीस माणसं एकत्र निघालेली असतात. मध्य रेल्वे नागपूरहून आणि इतर ठिकाणांहून विशेष गाड्या सोडते. त्या ४-५ तारखेला येऊन पोचतात आणि परत जातात त्या ६-७ तारखेला. मधले दिवस त्याला दादरलाच काढायचे असतात, कारण मुंबईत त्याचं घर नाही आणि लॉजचं भाडं त्याच्या खिशात बसत नाही.

म्हणजे त्या आठवड्यात दादरला चार दिवसांचं एक गाव वसतं. त्याला प्यायला, शिजवायला आणि धुवायला पाणी लागतं, झोपायला जागा लागते, शौचालय लागतं, आजारी पडलं तर डॉक्टर लागतो, पोर हरवलं तर सांगायला कुणीतरी लागतं. मोबाइल चार्ज करायची सोय ही वरवर चैन वाटेल. पण चुकामूक झालेल्या आईला मुलाला गाठायचं तर फोन चालू हवा, आणि दोन दिवस प्रवासात असलेल्या फोनची बॅटरी कधीच संपलेली असते.

मला या प्रकरणातून एकच गोष्ट मांडायची आहे. महापालिकेने जितकं या आठवड्याकडे वस्ती म्हणून पाहिलं तितकी तिची व्यवस्था टिकली, आणि जिथे ती रांगेचाच विचार करत राहिली तिथे अडली. २०१७ च्या पावसात हे दोन्ही एकाच दिवशी पाहायला मिळालं.

नेहमीची घडी

दरवर्षी जी उत्तर विभागाचं कार्यालय, म्हणजे दादर-माहीम-धारावी पाहणारा महापालिकेचा वॉर्ड, नोव्हेंबरातच कामाला लागतं. मैदानात मंडप, पिण्याच्या पाण्याचे नळ आणि टँकर, फिरती शौचालयं, आरोग्य कक्ष, नियंत्रण कक्ष, सीसीटीव्ही, मोठे पडदे, चौपाटीवर जीवरक्षक. पोलीस, बेस्ट आणि दोन्ही रेल्वे आपापला आराखडा आणतात. ५ आणि ६ डिसेंबरच्या मधल्या रात्री उपनगरी विशेष लोकलही धावतात.

या सरकारी घडीच्या बरोबरीने दुसरी एक घडी असते, आणि माझ्या मते जास्त भार तीच उचलते. बाबासाहेबांनीच उभारलेल्या समता सैनिक दलाचे स्वयंसेवक रांग सांभाळतात. पोलिसाने काठी दाखवून जे होत नाही ते “मावशी, रांग इकडून, पिशवी पोटाशी धरा” एवढ्याने होतं, कारण सांगणारा आपल्यातलाच असतो. रेल्वे, बँका, विमा, बेस्ट अशा ठिकाणच्या मागासवर्गीय कर्मचारी संघटना आपापले तंबू लावतात. कुठे जेवण, कुठे चहा-बिस्किटं, कुठे मोफत तपासणी आणि औषधं. मुंबईतल्या वस्त्यांतली मंडळं पहाटेपासून भाताची पातेली चढवतात. भोजनदानाच्या या तंबूंचा कुठलाही एकत्रित आराखडा नसतो, तरी उपाशी राहिलो अशी तक्रार सहसा ऐकू येत नाही.

तक्रार असते ती खालच्या अंगाची. पाण्याच्या नळांची रांग घ्या. एका आडव्या पाइपला ओळीने तोट्या बसवलेल्या असतात आणि खाली माती. सांडलेलं पाणी जायला वाट नसते. सकाळी आठ वाजेपर्यंत तिथे घोट्यापर्यंत चिखल होतो. मग कुणीतरी दोन विटा टाकतं, कुणी उतरवलेला फ्लेक्स अंथरतं आणि कालच्या शुभेच्छुक नगरसेवकाच्या चेहऱ्यावर उभं राहून बाया बाटल्या भरतात. टँकर किती आले हे पत्रकात छापून येतं. खालच्या गटाराचं कुणी विचारत नाही. पाऊस नसतानाही हे असंच चालतं, म्हणून २०१७ च्या चिखलाचं सगळं खापर ओखीवर फोडता येत नाही.

पहाटेचे दोन तास

इथे थोडी आकडेमोड करू. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पद्धत कळावी म्हणून घेतलेले. समजा मैदानात आणि आजूबाजूला रात्रीला एक लाख माणसं आहेत. माणशी पाच लिटर पिण्याचं पाणी धरलं तर दिवसाला पाच लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या पन्नास खेपा. मुंबई महापालिकेला हे जड नाही.

शौचालयांचं गणित मात्र वेगळं बसतं. त्यातल्या निम्म्या बायका, पन्नास हजार. बहुतेक जणी पहाटे पाच ते सातच्या मध्ये, उजाडायच्या आत उरकायला बघणार. एकीला चार मिनिटं धरली तर एक शौचकूप दोन तासांत तीस जणींना पुरतो. पन्नास हजारांना सोळाशेहून अधिक शौचकूप लागतील. दहा खोल्यांच्या फिरत्या शौचालयाची गाडी धरली तर अशा जवळजवळ १६७ गाड्या, त्याही नुसत्या बायकांसाठी. दिवसभराच्या सरासरीवर बेतलेली संख्या याच्या आसपासही फिरकत नाही, कारण सरासरीत दुपारी तीनची रिकामी वेळही मोजली जाते.

पुरेशी सोय नसते तेव्हा काय होतं ते कुठल्याही जत्रेला गेलेल्या बाईला विचारा. ती आदल्या दुपारपासून पाणी पिणं कमी करते. मग रांगेत उन्हात चक्कर येते आणि आरोग्य कक्षाच्या वहीत ‘अशक्तपणा’ अशी नोंद होते. शौचालय आणि आरोग्य ही दोन खाती वेगळी, त्यामुळे हा धागा कुणाच्याच टिपणात येत नाही.

यावर सोळाशे खोल्या बांधा हा उपाय नव्हे. आसपासच्या शाळा, मंडईतली आणि रस्त्यावरची सुलभ शौचालयं, मंगल कार्यालयं, सरकारी इमारती त्या रात्रीपुरत्या उघडल्या, तर ताण परिसरभर वाटला जातो. वस्ती पसरून बसवायची असते. मंडपातल्या आखणीत हा विचार शिरत नाही, कारण मैदान हे एकच आवार धरून सगळी मांडणी होते.

पाऊस आणि जिना

५ डिसेंबर २०१७ ला दादर स्टेशनवर काय धोका होता हे समजायला दोन महिने मागे जावं लागतं. २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्टेशनच्या, पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. दादरच्या अगदी पुढचं स्टेशन. अचानक आलेल्या पावसाने लोक जिन्याच्या आडोशाला थांबले, मागून गाड्यांमधून उतरणारे येत राहिले आणि अरुंद जिन्यावर कोंडी झाली. चौकशीतही पावसाचा मुद्दा आलाच.

पावसात माणूस थांबतो, आणि थांबतो तो छत असेल तिथेच. स्टेशनात छत असतं पुलावर, जिन्यात आणि तिकीट खिडकीपाशी, म्हणजे जिथे थांबू नये नेमकं तिथे. कोरड्या ६ डिसेंबरला दादरला उतरलेला लोंढा आपसूक रानडे रोडकडे वाहून जातो. ओल्या दिवशी तो स्टेशनातच तुंबतो. बाहेर छत्री नाही, डिसेंबरात कोण आणतं. हातात अंथरुणाची वळकटी, काखेत पोर. अशा वेळी मैदानातल्या मंडपाइतकीच महत्त्वाची ठरते ती स्टेशनबाहेर, पुलापासून दूर, माणसांना उभं राहता येईल अशी कोरडी जागा. तशी जागा दादर पश्चिमेला नाही. फुलबाजार, फेरीवाले, टॅक्सी आणि दुकानांच्या पायऱ्या यांनी ती कधीच व्यापलेली आहे.

त्या वर्षी स्टेशनात अनर्थ झाला नाही. रेल्वे पोलीस एल्फिन्स्टनच्या धक्क्यातून नुकतेच सावध झालेले होते आणि पाऊस आदल्या दिवशीपासून पडत असल्याने तो अचानक राहिला नव्हता, ही दोन कारणं मला त्यामागे दिसतात. २००५ च्या सव्वीस जुलैसारखा तो कोसळलाही नाही. या तिन्हींतलं एखादं नसतं तर काय झालं असतं, हा विचार पुढच्या आराखड्यात असायला हवा.

शाळा उघडल्या

वादळाच्या इशाऱ्यामुळे ५ डिसेंबरला मुंबई आणि आसपासच्या शाळांना सुट्टी जाहीर झाली होती. हा निर्णय मुलांसाठी होता, चैत्यभूमीशी त्याचा संबंध नव्हता. पण त्यामुळे दादरच्या आसपासच्या महापालिका शाळांचे वर्ग रिकामे झाले, आणि मैदानात भिजणाऱ्यांना तिथे हलवता आलं. पक्की इमारत, वीज, नळ, संडास आणि दाराला कडी. मंडपात जे जे उभं करायला महिना लागतो ते शाळेत आधीच असतं.

या एका निर्णयाने प्रकरणाचं रूप पालटलं. तोवर प्रशासन मैदान वाचवायला धडपडत होतं: पाणी उपसा, ताडपत्री टाका, खडी पसरा. शाळांचा विचार आल्यावर प्रश्न माणसांचा झाला.

असं असूनही मैदानातला प्रत्येक जण उठून शाळेत जातो असं होत नाही, आणि त्याला कारणं आहेत. रांगेतली जागा जाईल ही भीती. गावची माणसं पांगली तर परत कुठे भेटायचं ही भीती. ज्यांनी सामान राखायला म्हातारी माणसं बसवून ठेवलीत त्यांना ती उठवणं अवघड. अनोळखी शहरात रात्रीच्या वेळी “चला, गाडीत बसा, शाळेत नेतो” असं कुणी गणवेशातला माणूस म्हणाला तर लगेच विश्वास बसत नाही, विशेषतः ज्या समाजाला हुसकावलं जाण्याचा अनुभव जुना आहे त्याचा. तिथे पुन्हा निळ्या टोपीतले स्वयंसेवकच कामी येतात. शाळा उघडणं महापालिकेच्या हातात, तिथवर माणूस पोचवणं संघटनांच्या. ही जोडणी आयत्या वेळी, तोंडी निरोपांवर होते तेव्हा काही वर्गांत दाटी आणि काही वर्ग रिकामे, असं होणं ठरलेलं.

पुस्तकांचं काय झालं

माणूस वाळतो. पुस्तक वाळत नाही.

६ डिसेंबरच्या शिवाजी पार्कला ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना हे नुकसान नीट समजणार नाही. तिथे पुस्तकांच्या स्टॉल्सची गल्लीच्या गल्ली लागते. दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका, बावीस प्रतिज्ञांचे तक्ते, संविधानाच्या प्रती, कॅलेंडरं, पंचशील ध्वज, मूर्ती, आणि जाडजूड ग्रंथसुद्धा. राज्य सरकारने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, ज्यांचं सुरुवातीचं संपादन वसंत मून यांनी केलं, त्यांच्यासाठी सरकारी स्टॉलवर झुंबड उडते, कारण एरवी ते जिल्ह्याच्या गावी सहज मिळत नाहीत. बार्टी, म्हणजे राज्य सरकारची डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था, हीही मोठ्या सवलतीत पुस्तकं विकते.

खरेदीची रीत पाहण्यासारखी असते. गावातले चार जण वर्गणी गोळा करून आलेले असतात, खिशात वहीचा फाडलेला कागद, त्यावर विहाराच्या कपाटासाठी हव्या असलेल्या पुस्तकांची नावं. एक जण नावं वाचतो, दुसरा पुस्तक उलटून किंमत बघतो, तिसरा पैसे राखून असतो. “हे विहाराचं, आणि हे माझ्या पोरीचं, वेगळं बांधा दादा.” विक्रेता सुतळीने दोन गठ्ठे बांधतो. पानं चाळून बघायला फार वेळ नसतो, मागे लोक उभे असतात.

या गल्लीतले बरेचसे प्रकाशक आणि विक्रेते छोटे. नागपूर, छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचं औरंगाबाद), पुणे, मुंबईतल्या वस्त्या इथून ते येतात. वर्षाच्या विक्रीचा मोठा हिस्सा या तीन-चार दिवसांत आणि नागपूरला धम्मचक्र प्रवर्तन दिनी होतो. छपाईचं बिल उधारीवर असतं, ते ७ डिसेंबरनंतर चुकतं करायचं असतं. २०१७ च्या पावसात पुस्तकं भिजली, ती या साखळीच्या अगदी कच्च्या दुव्यावर. प्लास्टिक टाकून जेवढं झाकता आलं तेवढं झाकलं. पण ओल खालून, जमिनीतून चढते, आणि स्टॉलचं टेबल तेवढं उंच नसतं. जादा गठ्ठे तर टेबलाखाली मातीवरच रचलेले असतात.

आपत्तीच्या हिशेबात या नुकसानीला रकाना नाही. पीक बुडालं तर पंचनामा होतो, घर पडलं तर होतो. चार दिवसांच्या परवान्यावर लावलेल्या स्टॉलमधला माल कुठल्या नियमात बसवायचा? आणि गंमत अशी की पत्रकार परिषदेत आणि बातमीत दरवर्षी अभिमानाने सांगितलं जातं ते याच विक्रीबद्दल, ‘अमुक इतक्या कोटींची पुस्तकं विकली गेली’. तो आकडा कोण मोजतं हे मला आजवर कळलेलं नाही. पण ज्या विक्रीचं इतकं कौतुक, तिच्यासाठी वीतभर उंच फळ्यांचा तळ घालायला हरकत नसावी.

७ डिसेंबर

सफाई हा या आठवड्यातला सगळ्यात चविष्ट वादाचा विषय. ‘घाण होते’ ही तक्रार जुनी आहे आणि तिच्या मागचा स्वर नेहमी निरागस नसतो. गणपती विसर्जनानंतर चौपाटीची जी अवस्था होते तिला भक्तीचा शिल्लक भाग समजलं जातं आणि ६ डिसेंबरनंतरच्या पत्रावळींना मात्र माणसांचा स्वभाव. हा दुटप्पीपणा बोलून दाखवला पाहिजे.

२०१७ मध्ये याला आणखी एक पदर होता. ओखीमुळे खवळलेल्या समुद्राने मुंबईच्या किनाऱ्यांवर टनावारी कचरा आणून टाकला, दादर चौपाटीसुद्धा त्यात आली. प्लास्टिक, थर्माकोल, चिंध्या: शहराने वर्षभर नाल्यांतून समुद्रात सोडलेलं शहराला परत मिळालं. ७ तारखेला दादर चौपाटीवर उचलला जाणारा कचरा कुणाचा, याचं उत्तर त्या वर्षी तरी सोपं नव्हतं.

उचलणारे कोण, हेही पाहायला हवं. मुंबईच्या सफाई कामगारांमध्ये बौद्ध समाजातली माणसं मोठ्या संख्येने आहेत. ६ तारखेला अभिवादनाच्या रांगेत उभं राहायचं आणि त्याच आठवड्यात त्याच मैदानात झाडू घेऊन यायचं, असं त्यांच्यातल्या कित्येकांच्या वाट्याला येतं. ‘अभिवादनाला फुलं-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणा’ ही मोहीम मला म्हणूनच दुहेरी शहाणपणाची वाटते. वह्या गरजू मुलांना जातात, आणि मेणाचे थर व कुजलेली फुलं खरवडायचं कामही तेवढं कमी होतं.

उलटी बाजू : २०२०

२०१७ मध्ये माणसं होती आणि मैदान नव्हतं. तीन वर्षांनी मैदान होतं आणि माणसं नव्हती. करोनाच्या साथीत ६ डिसेंबर २०२० ला घरूनच अभिवादन करण्याचं आवाहन झालं, चैत्यभूमीवरचा कार्यक्रम दूरदर्शनवरून दाखवला गेला आणि लोकांनी ते मोठ्या संयमाने पाळलं. रस्ते मोकळे होते, ना टँकर लागले ना मंडप. फक्त रांगेचा विचार करणाऱ्याला ते वर्ष आदर्श वाटावं.

पुस्तकांची गल्ली त्या वर्षी भरली नाही. संघटनांच्या तंबूंत होणाऱ्या ओळखी, नोकरीच्या जाहिरातींची देवाणघेवाण, वसतिगृहांची आणि शिष्यवृत्तीची माहिती, दूरच्या नातेवाइकांच्या भेटी, लग्नाच्या बोलण्यांची सुरुवातसुद्धा, यातलं काहीच टीव्हीवर दाखवता येण्याजोगं नव्हतं. हे सगळं त्या वस्तीत घडतं, रांगेत नाही.

आराखड्यात काय यावं

ओखीच्या आठवड्यातून काढण्याजोगी कामं फार मोठी नाहीत. ४ ते ७ डिसेंबरसाठी आसपासच्या कोणत्या शाळा उघडायच्या याची यादी ऑक्टोबरातच पक्की व्हावी, पाऊस असो वा नसो. ६ डिसेंबरला मुंबईत स्थानिक सुट्टी असते तेव्हा हे आणखी सोपं होतं. प्रत्येक शाळेला एक संघटना आधीच नेमून द्यावी, म्हणजे माणसं तिथवर नेणारा ओळखीचा चेहरा असेल. विदर्भातून आणि मराठवाड्यातून येणाऱ्या विशेष गाड्यांच्या वेळा ठाऊक असतातच. कुठल्या गाडीची माणसं कुठल्या शाळेत, एवढं गाडीतच सांगता आलं तर दादरला उतरून चौकशी करत फिरायला नको आणि गावकरीही एकत्र राहतील. नळांखाली निचऱ्याची चर खणावी, स्टॉलला उंच तळ द्यावा, शौचालयांची संख्या पहाटेच्या गरजेवर काढावी.

राहता राहिली ती दिशा दाखवणाऱ्या फलकांची गोष्ट. दादर स्टेशनपासून मैदानापर्यंत त्या आठवड्यात फ्लेक्सला तोटा नसतो. सगळ्या पक्षांचे असतात, बाबासाहेबांचा फोटो वरच्या कोपऱ्यात आणि अभिवादन करणारा नेता त्यांच्या तिप्पट. त्यातला रानडे रोडवरचा पहिला फलक महापालिकेने आपल्याकडे घ्यावा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावं: मुक्कामाच्या शाळा कुठे, बायकांची शौचालयं कुठे, हरवलेल्यांची चौकशी कुठे, आणि नागपूरची परतीची गाडी कुठून व किती वाजता.